हात लावला की चाल

आधीच सांगून टाकते. अर्पेनिक नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं मला भर वर्गात एक प्रश्न विचारला, मी त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं, आणि त्या उत्तरापायी तिची आई तिला न घेता रशियाला निघून गेली. लोक म्हणतात, बाई, तुमचा काय दोष, तुम्हाला काय माहीत. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण विचारायला मला कुणी बंदी केली नव्हती.

माझं नाव वार्दुही. ग्युम्रीतल्या एका शाळेत मी बुद्धिबळ शिकवते. हौस म्हणून नव्हे. आमच्या आर्मेनियात दुसरी ते चौथी बुद्धिबळ हा गणितासारखाच सक्तीचा विषय आहे. त्याचं पुस्तक आहे, वही आहे, दहापैकी मार्क आहेत, आणि ‘आमच्या पोराला सातच का दिले’ म्हणून भांडायला येणाऱ्या आयाही आहेत. सरकारनं हा विषय सुरू केला तेव्हा बाकीच्या शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवलं. मला हसू आलं, कारण मी तोवर वीस वर्षं तेच करत होते.

अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात आमची शाळा पडली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पुढे कितीतरी वर्षं शाळा लोखंडी डब्यात भरत होती. आगगाडीचा डबा असतो ना, तसाच, फक्त कुठे न जाणारा. वीज नव्हती, सरपण नव्हतं. पुस्तकं होती ती एका हिवाळ्यात शेगडीत गेली. मीच घातली, भूगोलापासून सुरुवात केली. पट मात्र मी जाळू दिला नाही. एक पट, बत्तीस सोंगट्या आणि एकवीस मुलं. मग काय करणार? त्या एका पटावर सगळी शाळा चालवली. हत्तीचे पाच, घोड्याचे तीन, वजिराचे नऊ, ही झाली बेरीज-वजाबाकी. पटाचा पाव भाग, अर्धा भाग, हे झाले अपूर्णांक. उभ्या रांगांना अक्षरं आणि आडव्यांना आकडे, म्हणजे नकाशा कसा वाचायचा ते आलं. आणि खेळ संपला की हरलेल्या प्याद्याच्या तोंडून तोच खेळ लिहून काढायचा, हा झाला निबंध. त्या डब्यातली मुलं पुढे डॉक्टर झाली, गवंडी झाली, चांगली निघाली.

एक नियमही तिथेच पक्का झाला. मुलं हातमोजे घालून खेळायची. एक सोंगटी धरायला गेलं की दोन हलायच्या, आणि मग ‘मी ती नाही, ही धरली होती’ म्हणून मारामाऱ्या. मी सांगून टाकलं, हात लावला की चाल. सोंगटीला बोट लागलं की तीच खेळायची, रडायचं नाही, परत ठेवायची नाही. हा काही माझा शोध नाही, जगभर असाच खेळ होतो. पण मी तो पटावरून खाली उतरवला, हे मात्र माझं कर्तृत्व. वहीत खोडरबर नाही. उत्तर दिलं की दिलं. शब्द तोंडातून गेला म्हणजे सोंगटीला हात लागला. ‘आधी डोकं, मग हात, मग तोंड,’ असं मी मुलांकडून रोज म्हणून घ्यायची. पालक खूष असायचे. ग्युम्रीत दिलेल्या शब्दाची मोठी मिजास असते.

त्या डब्यात सिरुश नावाची एक मुलगी होती. लाल नाकाची, हट्टी, वर्गात सगळ्यात हुशार. अर्पेनिक तिचीच मुलगी.

सिरुशचा नवरा रशियात कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. हे काही आमच्याकडे नवीन नाही. मग सिरुशही रशियातच, रोस्तोवला, एका बेकरीत कामाला लागली. पाच वर्षांच्या अर्पेनिकला तिनं आपल्या बापाजवळ, मुकुच आजोबांजवळ ठेवलं. ‘एकच हिवाळा,’ म्हणाली. त्या एका हिवाळ्याचे चार झाले.

मुकुच आजोबा पत्र्याच्या शेगड्या बनवतात. आमच्या भागात ज्या घरात गॅस नाही त्या घरात त्यांची शेगडी आहे. माणूस बोलायला तिखट. बायको गेल्यापासून स्वयंपाक, धुणं, नातीच्या वेण्या, सगळं स्वतः करायचे. वेणी मात्र पत्रा वळवावा तशी घट्ट घालायचे. अर्पेनिकचे डोळे त्यामुळे वर ओढल्यासारखे दिसायचे, आणि मुलं तिला चिनी म्हणायची.

दुसरीत ती माझ्याकडे आली तेव्हा अजिबात बोलत नव्हती. गणितात गोते, वाचनात गोते. मी तिला पटाशी बसवलं. सहा महिन्यांत पोरगी वजिराची आणि दोन हत्तींची बेरीज तोंडी करायला लागली. तिसरीत निबंध लिहायला लागली. तिच्या प्याद्यांना नेहमी नावं असायची, आणि प्रत्येक प्यादं पटाच्या पलीकडच्या टोकाला कुणाला तरी भेटायला निघालेलं असायचं. मी लाल शाईनं शेरा मारायची, ‘भाषा छान. चाली चुकीच्या.’

मागच्या ऑगस्टच्या शेवटी सिरुश आली. या वेळी ती लेकीला न्यायला आली होती. रोस्तोवमध्ये खोली घेतली होती, शाळेत नाव घातलं होतं, बसची दोन तिकिटं काढली होती. मला रस्त्यात भेटली, गळ्यात पडली.

“वार्दुही बाई, तुमचं दुखणं मला येवो! तिला माणसात आणलीत तुम्ही.”

“मी कसली आणते,” मी म्हटलं. “घोड्यानं आणली. तू बारीक झालीस. तिकडे पाव विकतेस की नुसता वास घेतेस?”

हसली. मग म्हणाली, “बाई, मला भीती वाटते. ती माझ्याकडे पाहुणीसारखी बघते.”

“चार वर्षं झाली, चार दिवस तरी दे तिला.”

“चारच आहेत,” ती म्हणाली.

पुढचं मला नंतर मुकुच आजोबांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी टेबल मांडलं. चीज, ताज्या भाज्यांच्या जुड्या, भाजलेलं मांस, द्राक्षं, तुतीची दारू. शेजारीपाजारी आले. आमच्याकडे कुणी गाव सोडून निघालं की टेबलाशिवाय सोडत नाहीत, आणि टेबल म्हटलं की प्याला हातात धरून भाषणं आलीच. शेजारचा बेनिक उभा राहिला. बेनिकला भाषण करायला दिलं की शेजारच्या वाड्यावस्त्यांना ऐकू जातं. त्यानं आईवर भाषण केलं, रस्त्यावर केलं, मातृभूमीवर केलं. मग त्याला वाटलं, मुलीलाही बोलतं करावं.

“आता आमची राणी सांगेल,” तो म्हणाला. “काय गं अर्पेनिक जान, जाणार ना आईबरोबर? सगळ्यांसमोर सांग, म्हणजे आम्ही प्याला रिकामा करतो!”

नेमकं त्याच्या जरा आधी सिरुशनं लेकीसाठी आणलेले बूट काढले होते. पांढरे, चकचकीत, वर फूल. अर्पेनिकनं पाय घालून पाहिला. टाच आत जाईना. सिरुश खाली बसून ढकलत होती, ‘जाईल, जाईल, नवे आहेत म्हणून,’ असं म्हणत होती. तीन नंबर लहान होते ते बूट. चार वर्षं फोनवर रोज चेहरा दिसायचा, पाय कधी दिसले नव्हते.

तर अर्पेनिक एक बूट अर्धा घातलेला, अशी उभी राहिली. सगळे प्याले वर. आणि ती म्हणाली, “नाही जाणार. हिला माझे पायसुद्धा माहीत नाहीत.”

कुणीतरी हसलं. बेनिकच असणार. मग कुणीच हसेना. सिरुशनं बूट काढून खोक्यात ठेवले, झाकण लावलं. ती एवढंच म्हणाली, “ठीक आहे. बोललीस ना, ठीक आहे.”

आईनं अशा वेळी पोरीला दोन धपाटे घालून उचलून न्यावं. दुसरी कुणी असती तर नेलीही असती. पण सिरुश माझ्या डब्यात शिकलेली. चौघांत बोललेला शब्द तिच्या लेखी शब्द होता, मग तो नऊ वर्षांच्या पोरीचा का असेना. आणि तिला लागलं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बस होती. बसचा तळ आमच्या शाळेच्या मागे, चालत सात मिनिटं.

त्याच सकाळी माझ्या वर्गावर येरेवानहून चार पाहुणे आले होते. बुद्धिबळातून इतर विषय कसे शिकवतात ते बघायला. हेडबाईंनी आठवडाभर आधी कॉरिडॉर धुऊन घेतला होता. मी केस रंगवले होते. साठीला आलेली बाई, कुणासाठी केस रंगवते? पण रंगवले. पस्तीस वर्षं ज्याला लोक माझं खूळ म्हणायचे, ते बघायला राजधानीतून माणसं आली होती.

दुसरा तास. मी भिंतीवरच्या मोठ्या पटावर आमचा शिराक प्रांत मांडला होता. हे घर ग्युम्री, हे आर्तिक, इथून डोंगर सुरू. घोड्यानं ग्युम्रीहून पीठ घेऊन आर्तिकला किती चालींत पोचायचं, वाटेत किती पोती कमी होतील, मग त्याचीच गोष्ट लिहायची. भूगोल, गणित, भाषा, एका फटक्यात तीन पक्षी. मुलं पोपटासारखी बोलत होती. पाहुणे मान डोलावत लिहून घेत होते. मी हवेत होते.

अर्पेनिक खिडकीशी बसली होती. तिचं लक्ष नव्हतं, हे मी पाहिलं. तिची आई आज जाणार आहे हे मला माहीत होतं, आणि ती वर्गात दिसली तेव्हा माझ्या मनात आलंही, ही इथे कशी? पण पाहुणे होते. मी म्हटलं, नंतर विचारू.

मग तिनं हात वर केला.

“बोल.”

ती उभी राहिली. “बाई, एकदा सोंगटीला हात लावला... आणि मग कळलं की चुकीच्या सोंगटीला लावला... तर मागे घेता येतं का? एकदाच?”

तासाशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. पण प्रश्न असा की मला हवा तो चेंडू हवा तसा हातात आला. मी पाहुण्यांकडे तोंड केलं. तिच्याकडे नाही, त्यांच्याकडे.

“नाही,” मी म्हटलं. “मुलांनो, का नाही?”

सगळा वर्ग एका सुरात: “हात लावला की चाल!”

“आणि पटाबाहेर?”

“आधी डोकं, मग हात, मग तोंड!”

“मागे घेता येतं का?”

“नाही!”

“चुकलं असलं तरी?”

“नाही!”

“मग चुकलेल्या चालीचं काय करायचं, अर्पेनिक?”

ती अजून उभीच होती. “खेळायची,” ती म्हणाली.

“शाबास. बस.”

एका पाहुण्या बाईंनी तर चक्क टाळ्या वाजवल्या. सव्वादहा वाजले होते.

अर्पेनिक बसली आणि पेन्सिल घेऊन लिहायला लागली. तिसऱ्या तासालाही ती वर्गातच होती. अकरा वाजले, घंटा झाली, ती जागेवरच होती.

साडेअकराच्या सुमारास मी पाहुण्यांना कॉफी पाजून कॉरिडॉरमध्ये आले, तर मुकुच आजोबा टोपी हातात घेऊन भिंतीशी उभे. दुसऱ्या हातात बसचं एक तिकीट.

“वर्गात आहे का ती?” त्यांनी विचारलं.

“आहे. काय झालं?”

“काही नाही. मला वाटलं वाटेत चुकामूक झाली असेल. मी पुढून गेलो, ती मागून आली असेल.” त्यांनी तिकिटाची घडी घातली. “ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबवून धरला सिरुशनं. लोक शिव्या घालायला लागले. मग गेली.”

“पण पोरगी आईबरोबर जाणार होती ना?”

“अहो, काल जेवताना सगळ्यांसमोर नाही म्हणून बसली. मग रात्रभर उशीत तोंड खुपसून होती. सकाळी चहा पिताना मला विचारते, आजोबा, बोललेला शब्द मागे घेता येतो का? मी काय सांगणार? मी पत्रेवाला. मी म्हटलं, असल्या गोष्टी तुझ्या बाईंना कळतात. जा, बाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर तशीच पळत तळावर ये, सामान मी आणतो. सिरुशला मी यातलं काही बोललो नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “विचारलं नाही का तिनं?”

मी त्यांना काय सांगितलं असेल? मी म्हटलं, “आज पाहुणे होते हो आजोबा, फार गडबड होती.”

खोटं नव्हतं. पण ते वाक्य मला अजून चावतं.

पुढचे दोन महिने मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, म्हणून थोडक्यात सांगते. काही नाही केलं. सिरुशला फोन केला, तिनं दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “राहू दे, बाई. तिचं मन तिकडेच आहे. मी ओढून नेलं तर जन्मभर माझ्याकडे पाहुणीसारखीच बघेल.” तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं की पोरगी मागे फिरायला तयार होती, मी तिला बसवलं. मी म्हटलं, “हळूहळू येईल तिचं मन, तू काळजी करू नकोस.” पस्तीस वर्षं मुलांना चूक कबूल करायला शिकवणारी बाई ती!

अर्पेनिक रोज शाळेत येत होती. खेळ तिचा सुधारला. हेच सगळ्यात वाईट होतं. आधी ती चाल करताना प्याद्याशी पुटपुटायची, बोट लावायची, मी ओरडायची. आता हात मांडीखाली दाबून बसायची. पाच-पाच मिनिटं. मग एकदाच हात बाहेर काढायची. ऑक्टोबरात शाळेच्या स्पर्धेत पहिली आली. निबंधातल्या प्याद्यांची नावं बंद झाली. चाली अचूक लिहायला लागली, आणि मला लाल शाईनं शेरा मारायला काही उरलं नाही.

नोव्हेंबरात येरेवानहून अहवाल आला. हेडबाईंनी तो मोठा करून दाराशी चिकटवला. त्यात माझ्या तासाचं कौतुक होतं. शेवटी एक ओळ होती की, एका विद्यार्थिनीच्या उत्स्फूर्त प्रश्नातून दिलेल्या शब्दाची जबाबदारी शिक्षिकेनं मुलांच्या मनावर कशी ठसवली, हे इतर शाळांनी अवश्य पाहावं. येणारी-जाणारी मुलं ते वाचत होती. मी पाहिलं, अर्पेनिक तिथे उभी राहून वाचतेय. बोट ओळीखाली ठेवून, सगळं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. वर्गात आम्ही दोघीच. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, खोलीत हीटर होता. मी तिच्या समोरच्या बाकावर बसले. माझे गुडघे त्या बाकात मावत नाहीत.

“अर्पेनिक जान,” मी म्हटलं, “तू मला त्या दिवशी एक प्रश्न विचारला होतास. तो पुन्हा विचार.”

“का?”

“मी उत्तर चुकले म्हणून.”

तिचा विश्वास बसला नाही. “तुम्ही कशा चुकाल?”

“गाढव आहे म्हणून. विचार.”

ती जरा हसली. मग हळूच, बाकाकडे बघत म्हणाली, “चुकीच्या सोंगटीला हात लावला तर मागे घेता येतं का?”

“पटावर नाही,” मी म्हटलं. “पण तू पटाबद्दल विचारतच नव्हतीस. घरात येतं. आईजवळ तर हजारदा येतं. आई काय लाकडाची असते? तू आज नाही म्हण, उद्या हो म्हण, परवा पुन्हा नाही म्हण. तेवढ्यासाठीच तर आई असते.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“पाहुणे होते,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. ग्युम्रीची माणसं रडायच्या आधी काहीतरी थट्टा करतात. मला त्या वेळी एकही सुचली नाही.

तिनं खिशातून रुमाल काढून दिला. आजोबांनी इस्त्री केलेला, चौकोनी. थोड्या वेळानं म्हणाली, “म्हणजे अजूनही येतं?”

“येतं.”

“आत्ता?”

तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्या मुलीच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आणि ते बघून माझा तोल गेला. आधी सिरुशशी एकटीनं बोलावं, तिला विचारावं, दोन दिवस जाऊ द्यावेत, यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी फोन काढला आणि लावला.

सिरुशनं लगेच उचलला. तिच्या मागे जाड, जुने, हिरवे पडदे होते. आतून कुणी म्हातारं माणूस खोकत होतं. बेकरी नव्हती ती. हे मला दिसलं, पण मी पाहिलं नाही.

“सिरुश,” मी म्हटलं, “काही विचारू नकोस. नंतर तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे. ही बघ तुझी लेक इथे आहे. तिला तोच प्रश्न पुन्हा विचार.”

“कोणता प्रश्न, बाई?”

“बेनिकनं विचारला तो. पण तू विचार.”

मान वळवून तिनं मागे पाहिलं, आवाज खाली आणला. “आत्ता, बाई?”

“आत्ता.”

मी फोन अर्पेनिकच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“अर्पेनिक जान,” सिरुश म्हणाली, “माझ्याकडे... येतेस का तू?”

“येते,” अर्पेनिक म्हणाली. एक श्वाससुद्धा मध्ये घेतला नाही. “आई, मी येते. त्या दिवशीपण येणार होते. मी बाईंना विचारलं होतं. मी खिडकीतून बघत होते. येते मी, आजोबांनी तिकीट अजून ठेवलंय.”

मला वाटलं फोन तुटला. वाकून पाहिलं, तर सिरुशनं तोंडावर हात दाबला होता आणि डोळे मिटले होते. म्हातारीनं आतून रशियनमध्ये हाक मारली. सिरुश ‘आले, आले’ म्हणाली, तरी तशीच बसून राहिली.

“सोन्या,” ती म्हणाली, “ती खोली मी सोडली गं. तू नाहीस तर मला खोली कशाला, म्हणून सोडली. इथे एका आजींजवळ राहते, त्यांचं सगळं करते. त्यांच्याच खोलीत झोपते. इथे मुलं नाही चालत. इथे राहायचे माझे कागदही आता यांच्याच घरच्या नावावर आहेत, हे घर सोडलं तर मला इथे राहता येत नाही. पुढच्या वर्षी बघू. हं? पुढच्या वर्षी नक्की. मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील, म्हणून मी आपलं विचारलं...”

“हो, आई,” अर्पेनिक म्हणाली.

“रागावलीस?”

“नाही.”

“आजोबांना सांगू नकोस हं हे कागदाबिगदाचं.”

“नाही सांगत. तू जा, त्या आजी हाक मारतायत.”

फोन तिनंच बंद केला. माझ्याकडे परत दिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा रडायलाच लागले, मोठमोठ्यानं, साठ वर्षांची घोडी. ती बाकावरून उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकलं की मी फिरवते, तसा.

“रडू नका, बाई,” ती म्हणाली. “तुमचं पहिलंच उत्तर बरोबर होतं.”

त्यात टोमणा नव्हता. तिला मला धीर द्यायचा होता.